दगड खोटा नसतो

बराचसा महाराष्ट्र काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. त्यामुळे ट्रेकवरून येणाऱ्या कुणाच्याही सॅकमधून एखादा चमकणारा खडा निघतो. मला दगडांचा नाद आहे, म्हणून तो माझ्यापर्यंत येतो. सोबत ठरलेला प्रश्न : "खरा आहे का रे?"

या प्रश्नाशी मी दर वेळी अडखळतो. कॅल्साइट हा खोटा क्वार्ट्झ नसतो, तो खरा कॅल्साइट असतो. पिवळाधमक पायराइटही स्वतःला सोनं म्हणवत नाही. खोटेपणा येतो तो नावात, आणि नाव माणूस ठेवतो. म्हणजे कस लागतो तो आपल्या बोलण्याचा. हे नाव घ्यायचा मला कितपत अधिकार आहे?

घरगुती चाचण्या हा अधिकार फार मोजून देतात. समजा, खडा पांढरा, अर्धपारदर्शक आहे. फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत कॅल्साइट ३ वर, क्वार्ट्झ म्हणजे आपली गार ७ वर. आपलं नख साधारण अडीच, काच साडेपाच. खड्याने रिकाम्या बाटलीवर रेघ ओढा आणि बोटाने पुसून पाहा. पुसली गेली, तर ती खड्याचीच भुकटी होती, गार बाद. राहिली, तर कॅल्साइट बाद. भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून बारीक बुडबुडे आले, तर कॅल्साइटची शक्यता वाढते. पाण्यात तोलून घनता काढायचा मोह होतो, पण क्वार्ट्झची २.६५ आणि कॅल्साइटची २.७१. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा फरक पकडणं कठीण.

गडद खड्यांसाठी फरशीच्या टाइलची मागची खरखरीत बाजू चालते. काळपट हेमॅटाइट तिथे लालसर तपकिरी रेघ सोडतो, पिवळा पायराइट काळपट. सराफाची कसोटी याच कुळातली.

यातली जवळजवळ प्रत्येक चाचणी काहीतरी बाद करते. शेवटी हातात राहतं ते 'बहुधा'. फोनमधलं ॲप एका फोटोवरून नाव सांगतं तेव्हा हा 'बहुधा' गळून पडतो, आणि आपण तेच नाव स्टोरीवर टाकून मोकळे होतो. मला आता 'बहुधा' हा शब्द कमीपणाचा वाटत नाही. जेवढं तपासलं तेवढंच बोललो, याची ती पावती आहे.

पण तपासण्याचीही किंमत असते. ओरखडा कायमचा राहतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी डोळे, मग भिंग, मग वजन, आणि ओरखडा व आम्ल सगळ्यात शेवटी. तेही ज्याची वस्तू आहे त्याला विचारून.

माझ्या आत्याकडे एक स्फटिकाची माळ आहे. तीर्थाच्या गावी बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलेली. तिने ती माझ्यासमोर धरली आणि तोच प्रश्न विचारला. भिंगातून दोन मण्यांत हवेचे गोल बुडबुडे दिसले. ही काचेची खूण. ओरखड्याची गरजच पडली नाही.

गप्प बसता आलं असतं. श्रद्धेला धक्का कशाला, हा युक्तिवाद तयारच असतो. पण तिने विचारलं होतं. विचारणाऱ्या मोठ्या माणसाला सत्य झेपणार नाही, असं परस्पर ठरवणं मला दयेपेक्षा उद्धटपणाचं वाटतं. मी म्हणालो, "आत्या, स्फटिक नाही, बहुधा काच आहे."

ती थोडा वेळ माळ बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग आठ वर्षं मी जप कशावर केला?"

याची चाचणी माझ्याकडे नव्हती, आणि तसं मी तिला सांगितलं. काठिण्य, रेघ, आम्ल हे सगळं मण्याबद्दल बोलतं. आठ वर्षांच्या पहाटेबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही, आणि त्यांच्या जोरावर मीही काही म्हणू नये. मात्र 'स्फटिक' सांगून घेतलेल्या पैशांबद्दल म्हणायला हवं, कारण तिथे एका माणसाने दुसऱ्याला खोटं नाव विकलं होतं.

आत्या अजून तीच माळ घेऊन जपाला बसते. शेजारच्या काकू त्या गावी निघाल्या, तेव्हा मात्र तिने त्यांना बजावलं : "माळ घ्या, पण काचेच्या भावात घ्या."