उलट्या देहाची शुचिता

वटवाघूळ ज्या तोंडाने खाते त्याच तोंडाने मलत्याग करते, अशी समजूत भारताच्या अनेक प्रदेशांत रूढ आहे. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तील उत्तरकांडात सर्वांची निंदा करणारा मूढ वटवाघळाच्या योनीत जातो, असे सांगितले आहे. मुखाने मळ ओकणाऱ्याला तशाच मुखाचा जन्म, असा या दोहोंचा मेळ लोकमानसाने घातला असावा.

प्रत्यक्ष निरीक्षण निराळे आहे. वडा-पिंपळावर लोंबणारे मोठे फलाहारी वाघूळ विसर्जनाच्या वेळी पंखांच्या आंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरते, पाय सोडते आणि क्षणभर डोके वर करून सरळ लोंबते. अंग झटकून झाले की पुन्हा उलटे. (सर्वच जातींची ही रीत नव्हे, पुष्कळ लहान वाघळे नुसते अंग बाकवतात, काही उडतानाच मोकळी होतात.) मग तोंडाचा प्रवाद आला कोठून? ही वाघळे फळ चावून रस गिळतात व चोथा थुंकतात. झाडाखाली पडलेल्या त्या चोथ्याच्या गोळ्यांनी हा गैरसमज पोसला असणे शक्य आहे.

त्या क्षणिक सरळ होण्याला शुचिता म्हणावे काय? टॉमस नेगेल या तत्त्वचिंतकाने १९७४ साली वटवाघूळ असणे म्हणजे काय, असा प्रश्न विचारला. त्या प्राण्याचा अनुभव आतून कसा असतो हे माणसाच्या कल्पनेला गाठता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. (त्याच्यासमोर प्रतिध्वनीवर चालणारे वाघूळ होते, आपले वडावरचे मोठे वाघूळ डोळ्यांनी पाहते.) हे प्रतिपादन मान्य केले तर शुचितेचे श्रेय वाघळाला देता येणार नाही. पण मग अमंगळपणाचा दोष तरी कोणत्या अधिकाराने द्यावा? श्रेय नाकारताना अज्ञानाची सबब सांगायची आणि दोष देताना ती विसरायची, ही लबाडी आहे. शिवाय काही जातींच्या माद्या प्रसूतीच्या वेळीही अशाच डोके वर करून लोंबतात व पिलाला पुच्छपटलाच्या झोळीत झेलतात. विसर्जन आणि जन्म या दोहोंसाठी त्या देहाजवळ एकच आसन आहे, आणि माणसाने त्यातले पहिलेच लक्षात ठेवले.

विष्ठेचे म्हणाल, तर वड, पिंपळ, उंबर यांचे बारीक बी तिच्यातूनच दूरवर पडते आणि देवळाच्या शिखराच्या भेगेतही रुजते. वाघळाच्या शिबाडीने देऊळ विटाळले म्हणणारा भाविक त्या पिंपळावर मात्र कुऱ्हाड चालवायला कचरतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वाघळांना उंदीर व कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले. त्यांना मारण्यास परवाना लागत नसे. दक्षिण भारतातील एका दुर्मीळ जातीला पुढे अपवाद म्हणून संरक्षण मिळाले. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. तमिळनाडूतील काही गावांना अशा दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही. वडावरच्या वाघळांना त्रास नको म्हणून तेथे दिवाळीत फटाके उडवीत नाहीत.