भुयारातील शेजारी

महाड-पोलादपूरकडून एस.टी.ने पुण्यास गेलेला माणूस स्वारगेटला उतरला, की आता त्याला जमिनीखाली उतरता येते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. लांबी साडेतीन किलोमीटरांहून किंचित अधिक, मधली स्थानके दोनच: मंडई आणि कसबा पेठ. माथ्यावर भाजीचे गाळे, हातगाड्या, जुने वाडे, वाहनांचा कोंडमारा. पुढे तर मुठेचे पात्र. खाली गारवा, आणि काचेपलीकडे काळोख. पेठांतून एरवी घाम काढणारी वाट काही मिनिटांत सरते. ही सोय नाकारणारा मी नव्हे. मात्र त्या काळोखात एक प्रश्न उभा राहतो: ज्यांच्या पायांखालून आपण जातो, त्यांचे आपण शेजारी आहोत काय?

प्रभू येशूने शेजाऱ्याची ओळख करून दिली ती रस्त्यावर. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर तो जखमी पडला होता. याजकाने त्याला पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पहिल्या दोघांचा दोष पाहून बाजूने निघून जाण्याचा. पण ती वाट भुयारातून गेली असती तर? तिघेही निर्दोष यरीहोला पोहोचले असते, आणि तो मनुष्य मेला असता.

न पाहिल्याचा दोष लागतो का? संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे प्रकार सांगितले आहेत. जे प्रयत्नांनीही दूर होत नाही, त्याचे पाप नाही. जे दूर करता येते आणि करावयास हवे, तेथे हयगय केली तर पाप आहे. आणि जे माणूस मुद्दाम पत्करतो, आपल्या मार्गात कोणी आडवे येऊ नये म्हणून जाणून घेण्याचेच टाळतो, ते अज्ञान त्याला सोडवीत नाही. भुयारातील प्रवासी पहिल्या प्रकारात मोडतो. पण सारे आयुष्यच भुयारातून काढावयाचे ठरविले, तर प्रकार बदलतो.

आपल्याकडेही हे आले आहे. कशेडी घाटाखालचा सुमारे दोन किलोमीटरांचा बोगदा सप्टेंबर २०२३मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, एका बाजूने हलक्या वाहनांसाठी प्रथम खुला झाला. पूर्वी घाटात गाडी तापली, की थांबावे लागे. कोणाच्या तरी दारी पाणी मागावे लागे. देणाऱ्याचे घर दिसे, त्याची अडचणही दिसे. म्हणून घाटाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एकच जण वाचला. ज्यांनी ती दरी पाहिली आहे, ते बोगद्याला नावे ठेवणार नाहीत.

आणि बोगदा खणणारे? नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले, तेव्हा साऱ्या देशाला ते दिसले. कदाचित अडकले म्हणूनच दिसले.

बोगद्यात थांबावयास मनाई असते, आणि ती रास्तच आहे. मंडईच्या स्थानकात मात्र गाडी थांबते, दारे उघडतात. सरकता जिना वर भाजीबाजाराच्या कल्लोळात नेऊन सोडतो. पुढची गाडी काही मिनिटांतच येते.