समावर्तनानंतरचा स्वाध्याय

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत स्वाध्यायात प्रमाद करू नये अशी आज्ञा आचार्य करतात ती विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला, आणि हे मला मोठे मार्मिक वाटते. कारण गुरुगृही अध्ययन नियमच करवून घेतो, विस्मरणाची खरी सवड प्रपंचात मिळते. मात्र त्या शिष्याने जपावयाचे ते श्रुतीचे अक्षर, ज्यात मात्रेचाही पालट निषिद्ध. वैद्याची विद्या अशी अचल नसल्यामुळे, गुरूने मनोभावे शिकविलेले निष्ठेने जपणे हेच कालांतराने रुग्णाच्या घातास कारण होऊ शकते, असे विलक्षण धर्मसंकट त्याच्यापुढे उभे राहते.

फिलाडेल्फियाचेच पाहा. तेथे 1886 मध्ये वैद्यकाची पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांना पुढच्याच वर्षी क्षयाने नेले. त्यावरील स्ट्रेप्टोमायसिन शेजारच्या न्यू जर्सीत 1943 मध्ये हाती आले, तेव्हा त्यांच्या चिकित्सकांच्या अज्ञानास कोणी दोष देणार नाही. त्याच नगरीत पुढे रुग्णाच्याच टी-पेशींत नवे जनुक घालून त्या रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याची विद्या सिद्ध झाली, व 2017 च्या ऑगस्टात तिला सरकारी मान्यता मिळाली. या उपचारानंतरचा प्रखर ताप जंतुसंसर्गाचा असेल, तसाच चेतलेल्या पेशींमुळे उसळलेल्या सायटोकाइनांचाही असेल; आणि या दुसऱ्या प्रकारात कामी येते ते मूळचे संधिवातावरचे टोसिलिझुमॅब. 1990 साली उत्तीर्ण झालेल्या व्युत्पन्न डॉक्टरास हे कळणे अशक्यच होते. परंतु आज असे रुग्ण हाती घेऊनही ते जाणून न घेणे, हे अज्ञान नव्हे, ते कर्मच होय, आणि त्याचे फळ भोगतो तो मात्र दुसरा.

पेनसिल्व्हेनियात सनदेची मुदत वाढवून घेण्यासाठी दर 2 वर्षांत 100 तासांच्या शिक्षणाचा हिशेब द्यावा लागतो. हजेरीने ज्ञान येते असे नाही (मागच्या बाकावरची झोपही तासांत मोजली जातेच!), तरी मनुष्यस्वभाव ओळखणारा हा दंडक मला त्याज्य वाटत नाही. त्याला जे साधत नाही ते चरकाच्या विमानस्थानात आहे: समानविद्यांनी मित्रभावाने करावयाच्या संभाषेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, पराभवाचे भय धरू नये व दुसऱ्यास हरविल्याचा हर्षही मानू नये. साठी उलटलेल्या विभागप्रमुखाने आपल्या नातीच्या वयाच्या सहकारिणीला सर्वांसमक्ष औषधाची मात्रा विचारावी, हे 100 तासांहून कठीण आहे.