सहवास की सहनिवास?

माणसाने कोणाच्या शेजारी राहावे हे त्याने स्वतः निवडावयाचे की ते त्याच्या वाट्याला यावयाचे, हा प्रश्न आमच्या पिढीला फारसा पडला नाही. शेजार जन्माबरोबरच येत असे. भिंतीला भिंत लागून असलेले चुलत घर, विहिरीवर भेटणारी माणसे, देवळाच्या पंक्तीत मांडीला मांडी लावून बसणारे कुळावी, यांपैकी एकाचीही निवड आम्ही केली नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी बारदेशातील एका गावी आमच्या भाच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून हलेनासा झाला आहे.

भाचा बंगळूरच्या एका कंपनीत नोकरीला आहे; पण कचेरीचे तोंड तो वर्षातून दोनदा पाहतो. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, कचेऱ्या ओस पडल्या, आणि संगणकावरचे काम कोठेही बसून करता येते हे सर्वांच्याच ध्यानात आले. पुढे टाळेबंदी उठली तरी पुष्कळांनी शहरातली खोली पुन्हा घेतली नाही. अशा माणसांसाठी हणजूण, आसगाव, शिवोली या बाजूला जी घरे चालविली जातात त्यांना ‘को-लिव्हिंग’ म्हणतात. आपण त्याला सहनिवास म्हणू. झोपण्याची खोली ज्याची त्याला. स्वयंपाकघर, बैठक आणि काम करावयाचे लांब मेज सामाईक. वीज, पाणी, इंटरनेट आणि दिवे गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर हे सारे भाड्यातच आले. मुक्काम आठवड्याचा किंवा महिन्याचा. मुदत संपली की सामान उचलावे आणि निघावे.

भाचा राहतो ते घर मुळात एका हिंदू कुटुंबाचे, चौसोपी. मध्ये राजांगण, राजांगणात तुळशीवृंदावन. घरधनी पुण्याला असतात. ज्या सोप्यात एके काळी भाताच्या राशी पडत, तेथे आता दहाबारा तरुण माणसे कानाला यंत्रे लावून बसलेली असतात आणि शेजारच्याशी नव्हे, तर हैदराबाद, लंडन नाहीतर सिंगापूर येथील कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलत असतात. प्रथमदर्शनी हे दृश्य आम्हाला उदास वाटले, हे कबूल केले पाहिजे. रात्री त्याच मेजावर सर्वजण एकत्र जेवावयास बसले आणि हास्यविनोद सुरू झाला, तेव्हा आमचे मत थोडे बदलले.

स्वयंपाकघरात शीतकपाटाच्या दारावर एक मळका कागद चिकटविलेला होता. वाराच्या खाली नाव, नावापुढे ‘भांडी’, ‘कचरा’, ‘तुळस’. आम्ही कौतुकाने चौकशी केली तेव्हा भाचा हसला. म्हणाला, “मामा, ती जुनी गोष्ट. पहिले दोन महिने रोज भांडणे होत. कोणी आपली पाळी चुकवी, कोणी कढई तशीच ठेवून जाई. मग सर्वांनी मिळून चालकांना सांगितले, भाडे थोडे वाढवा आणि बाई ठेवा. त्या दिवसापासून भांडण म्हणून नाही.” आणि जरा थांबून तो म्हणाला, “पण खरे सांगू? त्या दिवसापासून कोणाचे कोणावाचून अडतही नाही.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला असे आम्हाला वाटते. बाई ठेवण्यात दोष नाही. सकाळी सहाला येणाऱ्या त्या बाईला तिच्या श्रमाचे दाम मिळतात, हे चांगलेच आहे. परंतु भांड्यांवरून होणारे ते क्षुद्र भांडण हाच त्या बारा जणांमधला एकमेव देण्याघेण्याचा व्यवहार होता. दुसऱ्याने पाळी चुकविली तर आपल्याला राग येतो, याचा अर्थ त्याचे आपल्याला काही देणे लागते असे आपण मानतो. ते देणे पैशाने फेडून टाकले की राग जातो आणि नातेही जाते. मग घर उरते, खाणावळ उरते, चांगली संगतही उरते. पण ‘समुदाय’ हा शब्द, जो ही घरे चालविणारे आपल्या जाहिरातीत इतक्या सढळ हाताने वापरतात, तो तेथे पोकळ होतो.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे आठवतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेस सेटेदामेन येथे १९७२ साली २७ कुटुंबांनी स्वतंत्र घरे आणि एक सामाईक गृह अशी वसाहत उभारली. सामाईक जेवण आणि ते रांधण्याच्या पाळ्या हा त्या देशातील अशा वसाहतींचा कणा मानला जातो. उलट लंडनला २०१६ मध्ये सुमारे साडेपाचशे खोल्यांचा एक प्रचंड सहनिवास ‘द कलेक्टिव्ह’ या नावाने उघडला. तेथे खोलीची झाडलोट आणि चादरी बदलणे हेसुद्धा भाड्यात होते. २०२१ मध्ये ती कंपनी डबघाईला येऊन प्रशासकांच्या हाती गेली. ती पाळ्या नव्हत्या म्हणून बुडाली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्यापार व्यापाराच्या कारणांनी बुडतो. आमचे म्हणणे इतकेच की दोन्हीकडे माणसे एका छपराखाली आली, परंतु एकाच ठिकाणी त्यांनी एकमेकांकडून काही मागितले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या मुंबईतील कुडी पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. धोबीतलाव आणि माझगाव या भागांत एकेका गावाच्या नावाने ही घरे एकोणिसाव्या शतकापासून निघाली. बोटीवर चढावयाची वाट पाहणारा तारवटी तेथे अल्प मोबदल्यात राही. भिंतीला लागून पेट्यांच्या रांगा, एका टोकाला वेदी. संध्याकाळी तेर्स चुकवावयाचा नाही, गावच्या फेस्ताला वर्गणी द्यावयाची, कुडीचे नियम मोडले तर गावी बोभाटा. काही कुडी अजून चालू आहेत. तेथे राहणारा मनुष्यही आज आला, उद्या बोटीवर गेला असाच होता. म्हणजे मुक्काम थोडा असणे हा काही दोष नव्हे.

आणि हे आपण हिंदूंनी तरी विसरू नये. सोळाव्या शतकात मंगेश कुट्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुजात आली. देव नदीपलीकडे गेले आणि भक्त कोठल्या कोठे पांगले. कोणी कारवारला गेले, कोणी मंगळूरला, कोणी घाट चढून बेळगावला; त्यांची नातवंडे-पणतवंडे पुढे मुंबई-बडोद्याला स्थायिक झाली. दूरस्थपणा हा शब्द नवा असेल, अवस्था आम्हाला साडेचारशे वर्षांची जुनी आहे. देवळाभोवतीच्या अग्रशाळा याच अवस्थेतून जिवंत राहिल्या. वर्षातून चार दिवस यावे, कोणाशेजारी वळकटी पसरावी लागेल ते ठाऊक नसावे, आणि पहाटे उठून ज्याच्या हाती जे काम पडेल ते करावे: भाजी चिरणे, पत्रावळी पुसणे, फुले निवडणे. चार दिवसांचा तो शेजार वर्षभर पुरत असे.

पुरत असे, असे आम्ही भूतकाळी लिहिले आहे. कारण आता कबुली देण्याची वेळ आली. आमच्या घराण्याकडे आमच्या कुलदेवतेच्या उत्सवातील एका दिवसाची पाळी आहे. गेली नऊ वर्षे आम्ही ती पैसे पाठवून करीत आहोत. पूर्वी मनिऑर्डर करीत असू, आता मोबाइलवर बोट दाबतो. देवस्थानचे लोक सारे यथासांग करतात, प्रसादाची पुडी टपालाने येते, पावती येते. अग्रशाळेतही आता जोडून न्हाणीघर असलेली खोली आधी राखून ठेवता येते, आणि गेल्या खेपेस आम्ही तशीच मागितली होती. भाच्याच्या घरातील कागद पाहून आम्ही मनात जे शेरे मारीत होतो, ते आमच्याच अंगावर उलटले.

तेथे इंदूरची एक मुलगी राहत होती; तीनचार पिढ्या तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातली. आम्ही अग्रशाळेचे गोडवे गात होतो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “काका, इंदूरला आमच्या गच्चीवरून पाच नातेवाइकांची घरे दिसतात. मला ताप आला की पाचही घरांतून खिचडी येते, हे खरे. पण मी रात्री किती वाजता आले हेही पाचही घरांना ठाऊक असते. येथे मी कोणाची कोण हे कोणाला माहीत नाही, आणि तरीसुद्धा त्यांना मी आवडते. हे मला पूर्वी कधीच मिळाले नव्हते.”

या बोलण्याला उत्तर द्यावयाचे म्हटले तर देता येईल, पण ते उत्तर तोंडदेखले होईल. आमच्या जुन्या सहवासाची घडण पुष्कळ अंशी न सुटता येण्यावर झाली होती. कित्येक एकत्र कुटुंबे प्रेमापोटी नव्हे, तर दुसरी चूल मांडणे परवडत नव्हते म्हणून एकत्र राहिली. विधवा आत्या माजघरात आयुष्य काढीत असे, ते तिला माजघर आवडत होते म्हणून नव्हे. देवळातही पंक्ती सर्वांसाठी असली तरी शब्द सर्वांना नव्हता. १९३३ च्या देवस्थान-नियमावलीने महाजनकी कायद्याच्या कागदावर बांधली, आणि पुष्कळ ठिकाणी ती अजून पुरुषवंशानेच चालते. जेथून जाता येत नाही तेथे राहणे याला निष्ठा म्हणावयाचे की नाही, हा विचार त्या मुलीने आम्हाला करावयास लावला. ज्याच्यापुढे दार उघडे आहे आणि तरीही जो थांबतो, त्याचे थांबणे अधिक मोलाचे, हे तिच्या बाजूने मान्य केले पाहिजे. अडचण एवढीच की दार उघडे असताना कोणी थांबतो की नाही, हे जेवणाच्या मेजावर कळत नाही.

ते कळण्याचा प्रसंग आमच्या मुक्कामातच आला. कोलकात्याकडचा एक मुलगा तापाने फणफणला. तपासणीत डेंगी निघाला. त्याला येऊन अकरा दिवस झाले होते. चालकांनी गाडी दिली आणि त्यांची जबाबदारी तेथे संपली. करारात त्याहून अधिक नव्हते. भाचा, ती इंदूरची मुलगी आणि आणखी एक जण असे तिघे त्याला घेऊन म्हापशाला गेले. इस्पितळाच्या कागदावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. भाच्याने लेखणी हातात धरून बराच वेळ काढला, आणि शेवटी ‘भाऊ’ असे लिहिले. त्याची आई विमानाने येईपर्यंत तीन रात्री तिघांनी आळीपाळीने काढल्या. कचेरीच्या कामातून सुटी कोणी घेतली, कोणी लॅपटॉप बाकावर ठेवूनच काम केले. त्या पाळ्यांचा कागद कोठे चिकटविलेला नव्हता.

येथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्या घराच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी राहते. एका सकाळी आम्ही तिच्याशी बोलत उभे राहिलो. ती म्हणाली, “कोण येता, कोण वता, आमकां कांयच कळना.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. उन्हाळ्यात त्या घरासाठी पाण्याचे टँकर येतात, तिच्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये खाली जाते. वाड्यावरची भाडी इतकी चढली की तिच्या शेजारचे दर्जीकाम करणारे कुटुंब पेडण्याकडे निघून गेले. ही मुले एकमेकांसाठी तीन रात्री जागली, पण त्या म्हातारीचे नाव त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. आमच्या जुन्या गावकारीत बाहेरून आलेल्याला गावकार होता येत नसे, हा तिचा मोठाच उणेपणा. परंतु न्हावी, सुतार, लोहार यांना गावात राहावयास जमीन मिळे ती गावाच्या सेवेबद्दल. गावाला आपण कशासाठी हवे आहो हे त्यांना ठाऊक असे. आज बाहेरून येणाऱ्याकडे गाव भाड्यापलीकडे काहीच मागत नाही. मागावयाचे कोणी, हेही आता ठरलेले नाही. घरधनी पुण्याला, आणि आमच्यासारखे कुळावी दूर कोठेतरी.

परत आल्यावर आम्ही भाच्याला कळविले की यंदा आमची पाळी आम्ही स्वतः जाऊन करणार. खोली राखून ठेवलेली नाही. त्याचे उत्तर आले की तो तर येईलच, पण तो कोलकात्याचा मुलगा आणि ती इंदूरची मुलगी यांनाही यावयाचे आहे, चालेल काय? आम्ही देवस्थान समितीला पत्र लिहून विचारले आहे. गाभाऱ्याचे आणि नैवेद्याच्या रांधपाचे नियम समितीने ठरवावेत, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पंक्ती उठल्यावर मागच्या पडवीत भांड्यांचा जो डोंगर साचतो, तो उपसावयाला मात्र कोणाचीच हरकत नसावी, असे आम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे.