तुटलेल्या पट्ट्याचा जिराफ

रबरी स्लीपर निकामी होते ती पट्ट्यापाशी. अंगठ्याजवळची गाठ भोकातून निसटते, नाहीतर पट्टाच तुटतो. तळवा अजून धडधाकट असतो. बाजारात नुसते पट्टे मिळतात, गटई कामगाराच्या टपरीवर ते खिळ्याला टांगलेले दिसतात. तरी आपण ती जोडी टाकून देतो. एकच तुटली असली तरी दोन्ही टाकतो.

तिचा पुढचा प्रवास आपल्याला दिसत नाही. पावसात गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. तळव्याच्या फोममध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, म्हणून तो बुडत नाही, कुजत तर नाहीच. हिंदी महासागराच्या उत्तर भागातले वरचे प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात. याच वाऱ्यांच्या भरवशावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेशी व्यापार करत होती. आज त्याच पाण्यावर देशोदेशींच्या चपला फिरत असतात.

केनियाच्या किनाऱ्याच्या अगदी उत्तर टोकाला, सोमालियाच्या सीमेजवळ किउंगा नावाचं सागरी अभयारण्य आहे. तिथल्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ज्युली चर्च या सागरी संवर्धनाचं काम करणाऱ्या बाई तिथे होत्या. वाळूवर चपलांचा खच पडलेला होता. कासवीला वर चढायला वाट मिळेना आणि पिल्लांना पाण्यापर्यंत पोचता येईना. त्याच किनाऱ्यावर गावातली मुलं त्या चपला कापून खेळणी करत होती. बाईंची नजर तिथे थांबली. गावातल्या बायकांनी चपला वेचाव्यात, धुवाव्यात आणि त्यांच्या वस्तू करून विकाव्यात, असं त्यांनी सुचवलं. पुढे यातूनच ‘ओशन सोल’ हा उद्योग उभा राहिला. त्याची कार्यशाळा नैरोबीत आहे.

तिथलं काम बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आलेली प्रत्येक चप्पल आधी घासून धुवायची. शेवाळ, वाळू, मीठ सगळं काढायचं आणि मग ती वाळवायची. निळी, पिवळी, गुलाबी, काळी अशा चपला एकावर एक चिकटवल्या की ठोकळा तयार होतो. तो सुरीनं कोरून जिराफासारखे प्राणी घडवायचे. कोरणाऱ्यांमध्ये पूर्वी लाकडावर काम केलेले कारागीर आहेत. लाकडाला रेषा असतात, त्यांच्या कलानं हत्यार चालवावं लागतं. फोमला रेषाच नसतात, उलट तो हाताखाली दबतो. वर्षानुवर्षं लाकडावर बसलेल्या हाताला हे नव्यानं शिकावं लागलं असेल. आकार आला की घासून गुळगुळीत करायचं आणि पुन्हा धुवायचं. तयार झालेल्या जिराफाच्या अंगावर आडव्या रंगीत पट्ट्या दिसतात, पण रंग लावलेला नसतो. एकेक पट्टी म्हणजे कुणाच्या तरी पायातली चप्पल. जवळून पाहिलं तर त्यातले थर मोजता येतात.

यानं समुद्र साफ होईल का? नाही. सेशेल्सचं अल्डाब्रा हे प्रवाळबेट जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे संशोधन केंद्रातल्या मोजक्या लोकांखेरीज वस्ती नाही. २०१९मध्ये स्वयंसेवकांनी तिथला २५ टन कचरा उचलला. तरीही शेकडो टन मागे उरला आणि त्यात सुमारे ३ लाख ६० हजार चपला असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्यांनी त्या बेटाचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्या या चपला. या ढिगासमोर जिराफांचा कळप किती लहान! शिवाय फोम कोरताना चुरा पडतो. तो नीट गोळा केला नाही, तर वाऱ्यानं पुन्हा पाण्यातच जाणार.

तरी मला हे काम फार मोलाचं वाटतं. ज्या वस्तूसाठी कुणी वाकत नव्हतं तिला किलोवर भाव मिळाला, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला वेचण्याची मजुरी मिळू लागली. वेचणं हीच यातली खरी मेहनत आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी आठवड्यामागून आठवडे हेच केलं, कंबर मोडेपर्यंत कचरा उचलला. २०१८च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. तिथे कुणी शिल्पं कोरली नव्हती. हात आधी कचऱ्याला लागले होते, एवढंच.

आपल्या शाळांमध्ये ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा प्रकल्प पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच त्याचं आज जे होतं ते खुपतं. आदल्या रात्री आई-बाबा दुकानात जाऊन नव्या स्ट्रॉ आणि कोरे चमचे आणतात. त्याचं फुलपाखरू होतं, त्याला गुण मिळतात आणि आठवड्याभरात ते केराच्या टोपलीत जातं. टाकाऊ म्हणून विकत आणलेलं, टिकाऊ म्हणून टाकून दिलेलं. किउंगाच्या मुलांपुढे कचरा आधी होता, खेळणं नंतर आलं.

यंदा शाळेतून या प्रकल्पाची चिठ्ठी आली, तर मुलांना दुकानात नेऊ नका. जाड हातमोजे घाला, एक पोतं घ्या आणि त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर जा. समुद्र लांब असेल, तर गावचा ओढा आहे, नदीचा घाट आहे. पाणी ओसरल्यावर तिथेही चपला सापडतात. आणल्यावर आधी त्या मुलांनाच घासू द्या.