मागच्या आसनावर कोण?

सप्टेंबर 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी आणखी 97 तेजस मार्क-1ए विमानांचा करार केला. रक्कम बासष्ट हजार कोटींच्या वर असल्यामुळे मथळ्यांत तीच झळकली, पण या करारातली विभागणी रकमेहून बोलकी आहे. 68 विमाने एकआसनी आणि 29 दोनआसनी. 2021 च्या 83 विमानांच्या करारात हेच प्रमाण 73 आणि 10 असे होते. दोनआसनी विमान म्हणजे शिकाऊ वैमानिकाचे विमान, पुढे शिष्य आणि मागे गुरू, ही आपली जुनी समजूत. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. लढाऊ विमानाच्या मागच्या आसनाला शिकवण्यापलीकडे एक काम नेहमीच होते. संगणकाने ते काम संपवले, असे गेली तीस वर्षे मानले गेले. माझ्या मते संगणकाने त्यातले कष्ट संपवले, निर्णय संपवले नाहीत. आणि येत्या काळात हे निर्णय वाढणार आहेत.

एकआसनी विमानाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही. दुसऱ्या माणसासाठी आसन, काचेचे छत, प्राणवायूची व्यवस्था, उपकरणे हे सगळे लागते आणि त्याची जागा बहुधा इंधनातून वजा होते. दोनआसनी एफ-16 मध्ये एकआसनीपेक्षा सुमारे पाचशे किलो इंधन कमी मावते. लढाऊ विमानाच्या हिशेबात ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय विमान पडले तर दोन प्रशिक्षित माणसे जातात. अमेरिकेने एफ-22 ची दोनआसनी आवृत्ती 1996 मध्येच रद्द केली आणि एफ-35 ची तर अशी आवृत्ती बनलीच नाही. आज हजाराहून अधिक एफ-35 बनली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक वैमानिकाने पहिले उड्डाण एकट्यानेच केले आहे. त्याआधी या विमानाचा सराव सिम्युलेटरवर. रडार, इन्फ्रारेड कॅमेरे आणि शत्रूच्या लहरी टिपणारी यंत्रे यांची माहिती संगणक एकाच चित्रात गुंफून वैमानिकाच्या शिरस्त्राणावर दाखवतो, मग मागे बसून रडारचा पडदा न्याहाळणारा माणूस हवा कशाला? ब्रिटनने दोनआसनी टॉर्नेडो 2019 मध्ये निवृत्त केले आणि त्यांचे काम टायफून व एफ-35 यांच्या एकट्या वैमानिकांकडे सोपवले. शिक्षणासाठी मागचे आसन हवेच, हा युक्तिवाद इथे जवळजवळ संपतो. उरतो तो युद्धाचा.

युद्धाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. व्हिएतनाममध्ये पाच किंवा अधिक विमाने पाडण्याचे श्रेय मिळालेले अमेरिकी पाचच जण, आणि त्यांतले तिघे फँटम विमानात मागे बसणारे. सर्वाधिक सहा विमानांचे श्रेय चार्ल्स डीबेलव्यू यांचे, आणि तेही मागच्याच आसनावरचे. एका पाडावाचे श्रेय दोघांनाही मिळत असे, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकू नये, हे खरे. फँटमचे रडार चालवणे हेच एका माणसाचे पूर्ण वेळाचे काम होते, हेही खरे. मग अलीकडचे उदाहरण घेऊ. एप्रिल 2024 मध्ये इराणने एका रात्री इस्रायलवर शेकडो ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली. अमेरिकी फौजांनी ऐंशीहून अधिक ड्रोन पाडले, त्यात दोनआसनी एफ-15ई विमानांचा मोठा वाटा होता. अंधार, जमिनीलगत संथ उडणारी लहान लक्ष्ये, आणि क्षेपणास्त्रे संपत आलेली. एका विमानातल्या जोडीने तर ड्रोनवर बॉम्ब टाकून पाहिला. तो नेम चुकला. त्या रात्रीसाठी सिल्व्हर स्टार मिळालेल्यांत शस्त्रप्रणाली सांभाळणाऱ्या अधिकारी होत्या लेसी हेस्टर, हे पदक मिळवणाऱ्या अमेरिकी हवाई दलातल्या पहिल्या महिला. त्या रात्री अडचण केवळ माहिती मिळण्याची नव्हती. कोणता ठिपका ड्रोन, कोणता आधी, कशाने पाडायचा, आणि तेवढ्यात विमान डोंगराला तर लागत नाही ना, हे सगळे एकाच वेळी चालले होते.

माझा मुद्दा इथे येतो. यंत्र जितकी माहिती गाळून देते, तितकी माणसाकडून अपेक्षा वाढत जाते, कारण मोकळा झालेला वेळ रिकामा राहत नाही. वैमानिकाला रडारची खटपट करावी लागत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे चार विमानांच्या तुकडीचे, दूरवरच्या मारगिरीचे आणि आता मानवरहित साथीदारांचेही काम येते. अमेरिकेत अशा मानवरहित लढाऊ विमानांच्या दोन नमुन्यांची उड्डाणे 2025 मध्ये सुरू झाली. चीनने जे-20 या स्टेल्थ विमानाची दोनआसनी आवृत्ती बनवली. तिची छायाचित्रे 2021 मध्ये बाहेर आली आणि 3 सप्टेंबर 2025 च्या बीजिंगमधील संचलनात ती उघडपणे दिसली. स्टेल्थ लढाऊ विमानाला दुसरे आसन देणारा तो पहिलाच देश. मागे बसलेला माणूस ड्रोनांची सूत्रे हलवणार, हा जगभरचा तर्क आहे, बीजिंगचे कबुलीपत्र नव्हे. पण केवळ शिकवण्यासाठी एवढ्या महागड्या विमानाची पाठ कुणी फुगवत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप फ्रान्समधून येतो. फ्रेंच हवाई दलाने अण्वस्त्रांची कामगिरी दोनआसनी राफालकडे सोपवली. लांब पल्ला, खाली उतरून प्रवेश आणि चुकीला जागा नाही, म्हणून डोळ्यांच्या दोन जोड्या. पण फ्रेंच नौदल तेच अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र विमानवाहू नौकेवरच्या एकआसनी राफाल-एमवरून नेते. एकाच देशाने, एकाच विमानाने, एकाच कामाला दोन उत्तरे दिली! याचा अर्थ एकटा माणूस हे करू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र नौदलाची दोनआसनी आवृत्ती आराखड्यात होती. ती पुढे खर्चापायी सोडून देण्यात आली. एकट्याने भागवणे हा तिथे सिद्धान्त नव्हता, काटकसर होती. दुसरा आक्षेप असा की ड्रोन स्वतःच शहाणे होतील, त्यांना हाकणारा लागणारच नाही. ते स्वतः उडतील, यात शंका नाही. मारायचे की नाही, हे मात्र कुणीतरी ठरवायचेच आहे, आणि शत्रूने संपर्क जाम केल्यावर जमिनीवरचा तो कुणीतरी ऐनवेळी गप्प होतो. जवळच्या विमानात बसलेला इतक्या सहज होत नाही.

भारतापुरते बोलायचे तर आपण या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी चाललो आहोत. रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या विमानासाठी आपण आधी दोन आसनांचा आग्रह धरला, मग तो सोडला आणि 2018 मध्ये प्रकल्पच सोडला. फ्रान्सकडून घेतलेल्या 36 राफालपैकी 8 दोनआसनी. स्वदेशी स्टेल्थ विमान ॲम्का एकआसनी ठरले आहे, आणि स्टेल्थच्या घाटाचा विचार करता ते पटण्यासारखे आहे. पण हवाई दलाचा कणा अजून सुखोई-30 एमकेआय आहे, बहुतांशी नाशिकजवळच्या ओझरला बांधलेले, आणि ते सगळेच दोनआसनी. हवेत इंधन घेऊन दहा तास उडू शकणाऱ्या, अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहणाऱ्या त्या विमानात मागचा माणूस चैन म्हणून बसत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये हवाई दलाने वेपन सिस्टिम्स ही अधिकाऱ्यांची नवी शाखा जाहीर केली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिलीच नवी लढाऊ शाखा. तत्कालीन हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी यांनी उड्डाण-प्रशिक्षणाचे 3,400 कोटी रुपये वाचतील असे तेव्हा सांगितले. मागच्या आसनासाठी पूर्ण वैमानिक घडवण्याची गरज नाही, हा त्यातला हिशेब. दुसऱ्या माणसाचा खर्च परवडत नाही, या आक्षेपाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

मग माणसे घडवायची शाखा उभी आणि विमानांत जागा मात्र जवळजवळ फक्त सुखोईत, हे फार काळ चालणारे नाही. मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी तीसही नसलेल्या हवाई दलाला 29 तेजस केवळ शाळेसाठी बाजूला ठेवणे परवडेल का? हिंदुस्थान एरोनॉटिक्स मानवरहित साथीदारांचा जो प्रकल्प मांडते, त्यातले मुख्य विमान तेजसच आहे. तेव्हा या 29 विमानांच्या मागच्या कॉकपिटमध्ये गुरूसाठी पुढच्याचीच नक्कल बसवायची, की ड्रोन हाताळणाऱ्यासाठी वेगळे पडदे आणि संपर्कयंत्रे, हे विमाने कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ठरवावे लागेल. नंतर बदल करता येतो, पण तो जादा किमतीत आणि स्क्वाड्रनमधून विमान काढून घेऊन. ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरच्या नव्या उत्पादनसाखळीतून पहिले तेजस मार्क-1ए उडाले. हा निर्णय घ्यायला उरलेला वेळ त्या साखळीच्या वेगावर ठरणार आहे.