जंतू न सापडलेला दाह

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 2018 साली सुरू झालेल्या ‘अप्सरा-यू’ या अणुभट्टीत न्यूट्रॉन परत आत वळवण्यासाठी बेरिलियम ऑक्साइड वापरले आहे. तिथल्याच ‘पूर्णिमा-2’मध्येही ते होते. बेरिलियम हा हलका, कणखर, अणुविज्ञानाला फार उपयोगी धातू. पण त्याची धूळ श्वासावाटे गेली, तर काही थोड्या माणसांच्या फुफ्फुसांत बारीक गाठी उठतात. म्हणूनच हा धातू हाताळला जातो तिथे हवेतल्या धुळीवर कडक नजर ठेवावी लागते. त्या गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टलाही तो सारकॉइडोसिस या गाठींच्या आजाराच्या तुकड्यापासून वेगळा काढता येत नाही. सारकॉइडोसिस कोणत्या जंतूमुळे होतो, हे वैद्यक शंभर वर्षे विचारत राहिले. पेटलेला दाह विझत का नाही, असे विचारायला लागल्यावर या आजाराची समज खऱ्या अर्थाने वाढली, असे माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठीचा सर्वांत भक्कम पुरावा याच धातूने दिला.

सुरुवातीला सारकॉइडोसिस हा निव्वळ त्वचेचा रोग समजला गेला. लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी 1869 मध्ये एका कामगाराच्या हातापायांवरचे जांभळट चट्टे पाहिले. नॉर्वेच्या सीझर बेक यांनी 1899 मध्ये अशाच गाठींची सूक्ष्मरचना मांडली. पुढे स्वीडनच्या यॉर्गन शौमान यांनी दाखवले, की त्वचा, लसिकाग्रंथी, फुफ्फुसे आणि हाडे यांत दिसणारा हा एकच रोग आहे. पण तो क्षयाचाच एक अवतार असावा, ही शौमान यांची समजूत शेवटपर्यंत टिकली. त्यात नवल नाही. क्षयाच्या गाठी आणि या गाठी एका कुळातल्या दिसतात. फरक इतकाच, की क्षयाच्या गाठीचा मधला भाग सहसा सडून चीझसारखा होतो आणि सारकॉइडोसिसमध्ये तसे बहुधा होत नाही. अडचण वेगळीच होती. क्षयाच्या रुग्णाच्या हातावर टोचलेली माँटू ही क्षयाची चाचणी लाल होऊन फुगते, तर सारकॉइडोसिसच्या बऱ्याच रुग्णांच्या हातावर काहीच उठत नाही. यावरून बराच काळ असा निष्कर्ष निघाला, की या माणसांची प्रतिकारशक्तीच मंदावलेली आहे.

हा निष्कर्ष उलटा पडला तो फुफ्फुस धुऊन आलेल्या पाण्यामुळे. दुर्बिणीवाटे फुफ्फुसात सलाइन सोडून ते परत खेचायचे आणि त्यातल्या पेशी मोजायच्या, ही पद्धत रूढ झाली आणि 1981 मध्ये अमेरिकेतल्या हनिंगहेक आणि क्रिस्टल यांनी दाखवले, की रक्तात कमी दिसणाऱ्या मदतनीस टी-पेशी रुग्णाच्या फुफ्फुसात दाटीने जमलेल्या असतात. प्रतिकारशक्ती थकलेली नव्हती. ती सगळी एका ठिकाणी गोळा होऊन तिथेच लढत होती. त्याच वर्षी दोन्ही मूत्रपिंडे नसलेल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप एरवी मूत्रपिंडात बनते, तरी त्याच्या रक्तात ते आणि कॅल्शियम दोन्ही वाढलेले होते. ते बनवत होत्या गाठीतल्या पेशीच. आपल्याकडे थकव्यावर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, त्या लिहिण्याआधी ही जुनी नोंद आठवायला हरकत नाही.

आता पुन्हा बेरिलियमकडे. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे फ्लोरोसंट नळ्या बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार एकामागून एक धापा टाकू लागले. हॅरिएट हार्डी आणि आयर्व्हिंग टॅबरशॉ यांनी 1946 मध्ये त्याचे कारण बेरिलियमच्या धुळीत शोधले. तोवर त्या आजाराला ‘सेलम सारकॉइड’च म्हणत होते. इथे ना जंतू होता ना संसर्ग. पुढे कळले, की रुग्णाच्या टी-पेशी बेरिलियम ‘ओळखतात’ आणि ते दिसताच वाढू लागतात. 1993 मध्ये सापडले, की एचएलए-डीपी जनुकातला एक विशिष्ट फरक आजारी कामगारांपैकी सुमारे 97 टक्क्यांत होता, तर तीच धूळ घेऊनही धडधाकट राहिलेल्यांत सुमारे 30 टक्क्यांत. म्हणजे ठिणगी धातूची, पण ती धरायला अंगात तयारी लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘दाह’ म्हणणे हे वर्णन झाले, कारण नव्हे; उद्या जंतू सापडला तर? शोध चालूच आहे. 2005 मध्ये काही रुग्णांच्या गाठींत क्षयाच्या कुळातल्या जंतूंचे केएटीजी हे प्रथिन आढळले आणि जपानी संशोधक मुरुमांशी संबंधित जिवाणूकडे बोट दाखवतात. पण जंतू सापडला तरी प्रश्न संपत नाही. त्याचे अवशेष सुरुवात करून देतील. गाठी काहींत दोन वर्षांत आपोआप विरतात आणि काहींत फुफ्फुसाला कायमचे वण पाडतात, याचे उत्तर दाह आवरण्याच्या यंत्रणेतच शोधावे लागेल. एकाच आजाराला वेगवेगळ्या ठिणग्या असू शकतात, हे बेरिलियमने दाखवलेच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मुंबईचाच आहे. ट्रॉम्बेच्या शेजारी गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्त्यांत क्षय हे रोजचे वास्तव आहे. छातीच्या फोटोत सुजलेल्या ग्रंथी दिसल्या आणि ‘दाह’ म्हणून स्टिरॉइड सुरू केले, तर लपलेला क्षय भडकेल. मग आधी टीबीची औषधे देणे शहाणपणाचे नाही का? भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा. पुराव्याविना सहा महिने टीबीची औषधे घेतलेल्या माणसाला यकृताचा त्रास होऊ शकतो, दाह तसाच राहतो आणि अनेकदा पुढची पायरी म्हणून त्याच्यावर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा शिक्का बसतो. ग्रंथीचा तुकडा घेणे, त्याचे कल्चर आणि जीनएक्स्पर्ट ही क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी करणे, आणि माँटू पाहणे, यांना पर्याय नाही. बीसीजी आणि क्षय या दोन्हींच्या या देशात साफ कोरी माँटू हा सारकॉइडोसिसच्या बाजूचा मोलाचा पुरावा ठरतो. आणि रुग्ण कोणत्या धुळीत काम करतो, हेही विचारायलाच हवे.

दाह आहे हे मान्य झाले, की पुढचा प्रश्न मात्रेचा. सगळ्यांना औषध लागत नाही. डोळा, हृदय किंवा मेंदू गाठींनी धरला असेल किंवा फुफ्फुसाची ताकद घटत असेल, तर थांबून चालत नाही. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 86 रुग्णांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची सुरुवात 40 मिलिग्रॅमने केली काय आणि 20 ने केली काय, आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. फुफ्फुसाच्या सारकॉइडोसिसला 40 ने सुरुवात करणाऱ्या डॉक्टरांना आता त्याचे कारण द्यावे लागेल.